मृतांच्या पेटीतली चिठ्ठी

अ‍ॅग्नेस रिग्बी भित्री होती. आता माणूस कशाला ना कशाला भितंच, कुणी कुत्र्याला, कुणी नवऱ्याला. पण अ‍ॅग्नेसच्या भीतीला दावं नव्हतं, ती मोकाट चरायची. फोन वाजला की ही छातीवर क्रूस काढायची. रस्त्यानं अ‍ॅम्ब्युलन्स गेली की क्रूस. मुख्याध्यापकांचा निरोप आला की आधी खुर्चीची पाठ धरायची आणि मग विचारायची, "कशापायी बोलावलंय?" एकतीस वर्षं तिनं ब्रॅकनशॉच्या आमच्या कॅथलिक शाळेत धर्म शिकवला. त्यातली बावीस वर्षं मी तिला किचनच्या खिडकीतून बटाटे वाढले. तिला कुठल्या दिवशी कशाची भीती बसलीय ते मला ती ताट कसं धरते त्यावरून कळायचं.

ही भीती आली कुठून ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. तिचा बाप मिकी कॅव्हना, आयर्लंडहून आलेला रस्ते खोदणारा गडी. शनिवारी क्लबात गाणं, रविवारी चर्चात मिस्सा. चौऱ्याहत्तर सालच्या नोव्हेंबरात बर्मिंगहॅमच्या पबांत आयरिश बंडखोरांचे बॉम्ब फुटले, माणसं मेली, आणि त्याच आठवड्यात एका सकाळी पोरं लापशी खात बसली असताना पोलीस दारात आले. अ‍ॅग्नेस आठ वर्षांची. बापाच्या हातात चमचा होता, तो तसाच घेऊन गेला. तीन दिवसांनी परत आला. अंगावर वळ नव्हता. पण त्यानंतर तो बसमध्ये कधी बोलला नाही. तिकीट काढायचं तर बोटं दाखवायचा. तोंड उघडलं की आयरिश आहे ते कळायचं ना.

नाव कुणी दिलं ते पुढं कळलं. कामावरचा मुकादम, विन्स्टॅनली. माणूस वाईट नव्हता. त्याला कागद आला होता, उन्हाळ्यात आयर्लंडला कोण कोण जाऊन आलं ते भरा. त्यानं भरला. ख्रिसमसला त्यानं कॅव्हनांच्या घरी केकसुद्धा पाठवला. अ‍ॅग्नेसच्या आईनं तो कोंबड्यांना घातला.

आता शाळेचं. आमच्या मधल्या बोळात दोन भिंती समोरासमोर आहेत. एकीवर जुनं तैलचित्र आहे, चारशे वर्षांपूर्वी लँकेस्टरला फाशी दिलेल्या एका पाद्र्याचं. त्या काळी या मुलखात कॅथलिक पाद्री असणं हाच गुन्हा होता, राजाच्या कायद्यानं. गळ्यात दोर, हात बांधलेले, आणि चेहरा असा की गडी जणू बसची वाट बघतोय. पोरं त्याला 'लोंबते फादर' म्हणतात आणि खेळाच्या दिवशी त्याच्याच नावानं बोंबलत पळतात. पुढं सरकारचा हुकूम निघाला की शाळाशाळांतून ब्रिटिश मूल्यं शिकवा, तेव्हा समोरच्या भिंतीवर फलक आला: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, एकमेकांचा आदर, परधर्माबद्दल सहिष्णुता. शिपायानं तो तिथं लावला कारण तिथला खिळा रिकामा होता. कितीतरी वर्षं ती दोघं एकमेकांकडं बघत होती. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आलं ते कोसीच्या. कोसी अन्याडिके, नववीतली. आई हॉस्पिटलात नर्स, बाप म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. नायजेरियाहून आले तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. तोंडाची फटकळ. जेवणाच्या रांगेत माझ्याशी रोज हुज्जत घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

त्या नोव्हेंबरात शाळेची सरकारी तपासणी कधीही येईल अशी हवा होती. मुख्याध्यापक मिस्टर थ्रेलफॉल दिवसभर पोटाच्या गोळ्या खडूसारख्या चघळत हिंडायचे. त्यांनी अ‍ॅग्नेसला सांगितलं, नववीला मूल्यांचा धडा घ्या आणि मुलांना काय वाटतं ते त्यांच्याकडून लिहून घ्या. वर्गात काय झालं ते मला थोडं तिनं सांगितलं, थोडं पोरांनी. दोन्हीकडून जुळलं तेवढं लिहिते.

"ब्रिटिश मूल्यं म्हणजे कोणती, कोण सांगतंय?"

"रांगेत उभं राहणं, मिस," डेक्लन म्हणाला.

"मिस, व्यक्तिस्वातंत्र्य असेल तर हा टाय काढू का?"

"काढ की. आन शाळा सुटल्यावर तासभर माज्यासमोर बसायचं, ते बी स्वातंत्र्यच."

काश्पर म्हणून एक पोलिश पोरगा आहे, तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी पोलंडात लोकशाहीपायी मार खाल्ला. त्यांना तर कुणी ब्रिटिश म्हणालं नाही."

इथवर रंगात होतं. मग अ‍ॅग्नेसनं कागद वाटले आणि सगळा वर्ग एकदम शहाणा झाला. अठ्ठावीस कागद आले, सगळ्यांवर एकच पाठ: ब्रिटिश मूल्यं फार महत्त्वाची आहेत, त्यामुळे सगळे आनंदात राहतात. एकाच कुकरातला भात जसा.

"हे तुमाला खरंच वाटतंय व्हय?" अ‍ॅग्नेसनं विचारलं.

कोसी म्हणाली, "मिस, खरं लिहिलं तर ते कोण वाचणार?"

अ‍ॅग्नेसला तिथं ती बुद्धी सुचली. नोव्हेंबर आमच्यात मृतांचा महिना. शाळेच्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या खोलीत, वेदीजवळ जांभळ्या कापडात गुंडाळलेली पेटी ठेवतात. ज्याचं जे माणूस गेलं त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून टाकायचं. महिनाभर त्या नावांसाठी प्रार्थना होते, पण चिठ्ठ्या कुणी उघडत नाही, पाद्रीसुद्धा नाही. महिना संपला की किचनमागच्या अंगणात पेटी जाळतात. कन्फेशनमध्ये पाद्र्याजवळ कबूल केलेलं पाप जसं तिथंच राहतं तसंच हे. अ‍ॅग्नेसनं पेटी वर्गात आणली. "हिच्यात टाका. काय वाटतंय ते लिहा. ही कोण उघडत न्हाई, तुमाला ठाव हाय."

पोरांना ठाऊक होतं. पोरांनी लिहिलं. हा सोमवार.

मंगळवारी अकराला फोन आला. तपासनीस उद्या सकाळी. थ्रेलफॉल साहेब स्वतः अ‍ॅग्नेसच्या वर्गाच्या दारात आले आणि म्हणाले, मुलांच्याच शब्दांतली मतं हवीत, नुसतं पाठ केलेलं नको, ते लगेच ओळखतात. तिच्याजवळ होते ते अठ्ठावीस पाठ केलेले कागद. दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर तिनं आतून कडी लावली, आधी क्रूस काढला, आणि पेटी उघडली. पोरांचे आजे-आज्या, एक लहान भाऊ, तीन कुत्री आणि एक ससा, असल्या नावांच्या मधून मतांच्या चिठ्ठ्या वेचायला लागली.

जेवणाची भांडी धुऊन होत होती तेव्हा ती किचनात आली. स्वेटरच्या खिशात मूठ घट्ट.

"बाय, दार लाव," ती म्हणाली.

"काय झालं? भूत बघितलंस काय?"

"भूत परवडलं. त्यापायी फॉर्म न्हाई भरावा लागत."

तिनं चिठ्ठी माझ्यापुढं धरली. हिरव्या शाईतलं अक्षर. लिहिलं होतं: 'एका भिंतीवर कायद्याचं राज्य. समोरच्या भिंतीवरच्या फादरना कायद्यानंच लटकवलं. आम्ही कोणत्या भिंतीचं ऐकायचं? मी फादरांचं ऐकणार. कायदा चुकीचा असेल तर मोडणार. वेळ आली तर मरायला तयार आहे. मी कुणाला भीत नाही.'

हिरव्या शाईनं शाळेत एकच पोरगी लिहायची.

"मग?" मी म्हणाले. "तूच शिकवलेलं लिहिलंय की पोरीनं."

"तेच तर. एकतीस वर्षं झाली त्या फादराची गोष्ट सांगते मी. कोण ऐकत असंल असं कवा वाटलंच न्हवतं."

सप्टेंबरात सगळ्या शाळेला, अतिरेकाकडं वळणारं पोर कसं ओळखायचं त्याचं एक दिवसाचं शिक्षण झालं होतं, आम्हा किचनवाल्यांनासुद्धा. लेकरू कायदा मानत नाही म्हणालं, मरण्या-मारण्याची भाषा बोललं, तर गुलाबी फॉर्म भरायचा. फॉर्म शाळेतून वर जातो, वरून कुठं जातो ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पहिल्या ओळीत लेकराचं नाव.

"फाड नि चुलीत घाल," मी म्हणाले.

"आन पोरीनं उद्या खरंच काय करून घेतलं तर? पेपरात येतंय बघ, शिक्षिकेला आधीच ठाव होतं म्हणून. कुणाच्या तरी लेकराचा जीव जायचा आन ही चिठ्ठी माज्या खिशात असायची."

"मग भर फॉर्म."

"तिच्या बापाचा अर्ज लंडनच्या कचेरीत पडलाय, हितं कायमचं ऱ्हायचा. सात महिने झाले. त्यात पोरीचं नाव असल्या कागदावर गेलं तर काय व्हईल, तू सांगशील?"

तिचे ओठ पांढरे पडले होते. "मला वकायला येतंय," ती म्हणाली, आणि मी फरशीची बादली तिच्यापुढं सरकवली. दोनदा ओकली. तोंड पुसतेय तोवर खिडकीवर टकटक झाली. थ्रेलफॉल साहेब कप घेऊन उभे.

"मिसेस रिग्बी, मिळाली का मुलांची मतं?"

"बघतेय, सर."

"काही वावगं नाही ना त्यात? असेल तर आजच कळवा. विचार करत बसणं आपलं काम नाही. आपण कागद पुढे पाठवायचा, पुढचं पुढचे बघतील." मी त्यांचा कप भरला. चहा घेऊन गेले.

अ‍ॅग्नेस बादलीकडं बघत बसली. "विन्स्टॅनली बी असाच बोलला असंल," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी घंटेच्या आधी तिनं कोसीला चॅपलमध्ये गाठलं. तिथं मी नव्हते. पण अ‍ॅग्नेसनं ते मला इतक्या वेळा सांगितलंय की मी मागच्या बाकावर बसून ऐकल्यासारखं झालंय.

चिठ्ठी बघितल्यावर पोरगी म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता कोणी उघडत नाही."

"व्हय. म्हनले होते."

"आजीचं नाव पण त्यातच आहे माझ्या."

"ते मी बघितलं न्हाई," अ‍ॅग्नेस म्हणाली. हे खोटं होतं. तेही तिनं मला सांगितलं.

"कुणाला दाखवली?"

"अजून कुणाला न्हाई." हेही पुरतं खरं नव्हतं. "पोरी, मला फकस्त एक सांग. मरायला तयार म्हंजे काय? तुला जीव नकोसा झालाय का? कुणी काय शिकवतंय का तुला, फोनवर, कुठं?"

कोसीचं नाक वाहायला लागलं, तिनं ते बाहीला पुसलं. "मिस, घरी दारातून पत्र पडलं की आई भांडी घासायची थांबते. बाबा आधी हात धुतात, मग पत्र उचलतात. मी जिन्यात बसते. मला इतकी भीती वाटते की पोट दुखतं. लोंबत्या फादरांच्या तोंडावर भीती नाही. म्हणून लिहिलं. भीत नाही असं लिहिलं की थोडा वेळ वाटत नाही." आणि मग अगदी हळू, "माझं नाव देऊ नका, मिस. बाबांना काही व्हायला नको."

अ‍ॅग्नेसनं तिला बाकावर बसवलं, अर्धा तास सगळं विचारलं, खाणं, झोप, फोन, मैत्रिणी. मग बापाच्या चमच्याची गोष्ट सांगितली. ती तिनं तोवर शाळेत कुणाला सांगितली नव्हती, माझ्याशिवाय.

"त्यांचं नाव कोणी दिलं होतं?" कोसीनं विचारलं.

"एका बऱ्या माणसानं," अ‍ॅग्नेस म्हणाली.

नऊला मी तपासनिसांसाठी बिस्किटांचा ट्रे घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. अ‍ॅग्नेस टेबलासमोर उभी होती, बसली नव्हती. टेबलावर तिचा कागद. गुलाबी नव्हे, साधा.

"यात नाव नाही," साहेब म्हणाले.

"न्हाई, सर. पेटी उघडणार न्हाई म्हनून मी वर्गाला सांगितलं आन मीच उघडली, ते लिवलंय. एक चिठ्ठी घावली, ती लिवलीया. लेकराला बसवून विचारलं, काय विचारलं ते बी हाय. दोन दिवसाआड परत बसवून विचारणार हाय. मला धोका दिसत न्हाई. खाली सही केलीया."

"कोण आहे ते सांगा."

"न्हाई."

मी बावीस वर्षांत तिच्या तोंडून साहेबांसमोर हा शब्द ऐकला नव्हता. ऐकायलाही धड येत नव्हता, दात वाजत होते तिचे.

"मिसेस रिग्बी, उद्या काही झालं तर तुम्हाला कळतंय का काय होईल? नोकरी जाईल. माझीही."

"कळतंय. कालपास्नं दुसरं कायच कळंना झालंय. पण काय झालं तर माजं नाव हाय की तिथं खाली. मला न्या."

साहेबांनी कागद उचलला, पुन्हा वाचला, फाडला नाही, वर पाठवायच्या ढिगातही ठेवला नाही. खण उघडून आत सरकवला आणि किल्ली फिरवली. मग तोंडात गोळी टाकली. "तपासनीस आले असतील," म्हणाले.

आले होते. त्यातली एक बाई, मऊ आवाजाची, सपाट चपलांची, मधल्या सुट्टीत बोळात आली आणि रांगेतून हाताला लागली तशी तीन पोरं निवडली. तिसरी कोसी. नेमकी दोन भिंतींच्या मधोमध. मी रिकामा ट्रे घेऊन परत निघाले होते, तिथंच खिळले. अ‍ॅग्नेस वर्गाच्या दारात होती. तिचा हात स्वेटरच्या खिशात गेला. चिठ्ठी तिथंच होती.

"या फलकाबद्दल तुला काय वाटतं?" बाईनं विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला, डोळे चांगले होते.

कोसीनं फलकाकडं बघितलं. मग मान वळवून चित्राकडं. एवढा वेळ लागला की बाईच्या मागं उभ्या साहेबांचं गोळी चघळणं थांबलं. अ‍ॅग्नेसनं चौकट धरली. मला वाटलं, आता पोरगी बोलणार, आणि सगळं बाहेर येणार.

कोसीनं अ‍ॅग्नेसकडं बघितलं, आणि म्हणाली, "ब्रिटिश मूल्यं फार महत्त्वाची आहेत, मिस. त्यामुळे सगळे आनंदात राहतात."

बाईनं थोडं थांबून बघितलं, आणखी काही येतंय का म्हणून. नाही आलं. तिनं लिहून घेतलं आणि पुढं गेली. साहेबांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

दुपारी अ‍ॅग्नेस किचनातल्या स्टुलावर येऊन बसली. मी म्हणाले, "सुटलीस की. पोरगी बी सुटली."

"सुटली," ती म्हणाली. "बाप बसमध्ये बोटं दाखवायचा न्हवं का, तशी बोलली गं ती." मी चहा दिला, तो तिनं घेतला नाही.

तपासणीचा अहवाल बरा आला. त्यात एक ओळ होती, मुलांना मूल्यांची चांगली जाण आहे. साहेबांनी ती मोठ्या अक्षरात छापून बोळात लावली. खणातल्या कागदाबद्दल त्यांनी अ‍ॅग्नेसला आणखी दोनदा बोलावून विचारलं. दोन्ही वेळा ती आधी माझ्याकडं येऊन बादली कुठं आहे ते बघून गेली, आणि दोन्ही वेळा नाही म्हणून आली. कोसीला ती दोन दिवसाआड बसवत राहिली. महिना संपला तेव्हा अंगणात पेटी जाळली. नववीच्या वर्गानं सोमवारनंतर तिच्यात एकही चिठ्ठी टाकली नव्हती, मेलेल्यांची नावंसुद्धा नाहीत. अ‍ॅग्नेसनं खिशातली हिरव्या शाईची चिठ्ठी शेवटी टाकली, आणि ती पुरती जळेपर्यंत काठीनं ढोसत राहिली.

तरीही तिची भीती गेली नाही. जायची कशाला? त्या हिवाळ्यात सायरन वाजला की ती आधी कोसी वर्गात आहे का बघायची आणि मग क्रूस काढायची. आणि कोसी माझ्या खिडकीशी येऊन नुसतं 'प्लीज' आणि 'थँक्यू' म्हणायची. हुज्जत नाही, काही नाही. ताट घ्यायची आणि जायची. मला ते लई वाईट वाटलं. तिच्या बापाच्या अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं.

मग मार्च आला, ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. शुक्रवारी आमच्या किचनात मांस शिजत नाही, माशाशिवाय काही मिळत नाही. कोसी खिडकीशी आली.

"सॉसेज?" तिनं विचारलं.

"शुक्रवार हाय. मासा."

तिनं ताटाकडं बघितलं. मग खांद्यावरून बोळाकडं. आणि चांगलं खणखणीत म्हणाली, "भिंतीवर व्यक्तिस्वातंत्र्य, आणि ताटात सक्तीचा मासा."

मागची पोरं फिदीफिदी हसली. रांगेत तिच्या मागं दोन जण सोडून अ‍ॅग्नेस होती, ट्रेवर पाण्याचा ग्लास घेऊन. तिनं झटकन डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, साहेबांच्या दाराकडं बघितलं. तोंड पिठासारखं पांढरं. मग रांग ओलांडून पुढं आली आणि मला म्हणाली, "तिला दोन तुकडे वाढ."

मी वाढले. तोवर ग्लासातलं निम्मं पाणी अ‍ॅग्नेसच्या ट्रेवर सांडलं होतं.